गुलाबी मोगऱ्याचे शहर

सन १९९४च्या मार्चात परिपत्रक आले की, शहरांचे सौंदर्य यापुढे वसंतातील बागांवरून मोजले जाईल आणि पहिल्या येणाऱ्या शहराला बक्षीस मिळेल. जालना जिल्ह्यातल्या आमच्या नगरपरिषदेने लगेच सौंदर्य समिती नेमली. निवृत्त मुख्याध्यापक आणि दुपारी रिकामा, म्हणून मीही तीत होतो.

अडचण एवढीच की गावात बाग नव्हती. नळाला आठव्या दिवशी पाणी, बाग कसली डोंबलाची! वेशीबाहेर पळस फुलून लालभडक झाला होता. पण मुख्याधिकारी साहेबराव म्हणाले, "तो आपोआप फुलतो. त्यात परिषदेचे प्रयत्न दिसत नाहीत."

मग घरोघरची झाडे लोकसहभागातून आणायचे ठरले. गोजरबाईकडे तेलाच्या डब्यांत मोगरा होता. भांडी धुतलेल्या पाण्यावर तिने तो जगवला होता. बसस्टँडवर गजरे विकून तिचे घर चालायचे.

"गुर्जी, लग्नसराई तोंडावर आली. मोगरा न्हाई तं गजरे कशाचे करू? माझ्या हाडांचे?"

"बाई, गावाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे," मी म्हणालो. "आठ दिवसांत बराबर परत मिळेल."

डबे मैदानात मांडल्यावर कळले की परीक्षकांच्या तक्त्यात गुण फक्त रंगाला आहेत. वासाला रकानाच नाही. मोगरा पांढरा, म्हणजे शून्य! साहेबरावांनी तत्काळ गुलाल कालवून कळ्यांवर फवारला. पाण्याने रंग उतरेल म्हणून झाडांना पाणी घालण्यास लेखी मनाई केली.

परीक्षक लांबूनच पाहून गेले. शेजारच्या भोकरदन गावचा झेंडू मागे पडला आणि आम्ही पहिले आलो. 'दुर्मिळ गुलाबी मोगरा' असा शेरा मिळाला. दुर्मिळ म्हटल्यावर तो परत देता येईना. भोवती तारेचे कुंपण पडले.

सत्काराच्या दिवशी गोजरबाई मंडपात उभी राहिली.

"साहेब, माझा मोगरा वाळून राह्यला! बक्षीस ठेवा तुमच्यापाशी, मला तांब्याभर पाणी घालू द्या!"

साहेबराव शांतपणे म्हणाले, "अर्ज द्या. पुढच्या वसंतात विचार करू."

"ए बाई, खाली बस! फोटो काढून राह्यले!" असे दुसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडले. ती बसली. मला फार लाज वाटली, पण हार गळ्यात होता.

फोटो छान आला. दुसऱ्या रांगेत तोंड उघडे असलेले तुम्ही अगदी स्पष्ट दिसता.