कारण देणे बंधनकारक नाही

बँक ही विश्वासावर चालणारी संस्था आहे. या विश्वासाची वाटणी फार पूर्वीच झालेली आहे: विश्वास ग्राहकाने ठेवायचा आणि तो पुरेसा आहे की नाही, हे बँकेने ठरवायचे. म्हणूनच बँकेत पेन दोरीने बांधलेले असते आणि ग्राहक मोकळा असतो. देशाची अर्थव्यवस्था आजवर या दोरीवर तगून आहे आणि तिच्याविषयी वाकडे बोलण्याचा आमचा मुळीच इरादा नाही.

सौंदडच्या रेल्वे स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बकाराम टेलरचे दुकान आहे. शाळेचे गणवेश, नवरदेवाची सफारी, धानाच्या हंगामात फाटलेल्या पँटींची ठिगळे, सारे त्याच्याच मशीनखालून जाते. जवळच्याच कोहमारा गावाच्या चौकात, एका ढाब्याच्या वरच्या मजल्यावर बँकेची शाखा आहे. तिथे बकारामचे बचत खाते होते. दर एक जुलैला बँक त्याला मोबाइलवर वाढदिवसाच्या शुभेच्छा धाडायची आणि 'परिवारातील लाडके सदस्य' म्हणायची. (एक जुलै ही तारीख शाळेतल्या गुरुजींनी ठरवलेली. त्या दिवशी निम्मे गाव जन्माला आलेले आहे.) घरातल्या कोणी कधी त्याला लाडके म्हटले नव्हते, त्यामुळे बकाराम तो संदेश पुसत नसे.

दसऱ्याच्या आठवड्यात त्याच बँकेचा दुसरा संदेश आला. भाषा अतिशय सभ्य होती. 'आपले बचत खाते बंद करण्याचा निर्णय बँकेने घेतला आहे. निर्णयाचे कारण देणे बँकेवर बंधनकारक नाही. आपल्या प्रदीर्घ सहवासाबद्दल आभार.' (बँकेचे नाव इथे दिलेले नाही. कारण देणे आमच्यावरही बंधनकारक नाही.) खाली, 'आमची सेवा कशी वाटली?' असे विचारून पाच रिकामे तारे काढले होते. आपण आजवर तारे दिले नाहीत म्हणून तर बँक रुसली नसेल, असे वाटून बकारामने घाईघाईने पाचही तारे दाबले.

बँकेने शिल्लक रक्कम व्याजासकट त्याच्या हातात ठेवली. एक रुपयाही कापला नाही. लीलाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, यात रडण्यासारखे काही दिसेना.

"पैसे सारे भेटले ना? मंग कायले तोंड पाडून बसले?"

"पैशाचा नाई वो. मी का केलो, तेवढा त सांगाले पायजे."

आपण काय केले ते तरी बँकेने सांगावे, एवढेच त्याचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो कोहमाऱ्याला गेला. शाखेत हिमांशू नावाचे तरुण अधिकारी बसत. ते गोंदिया शहरातले, म्हणजे मराठी समजणारे आणि हिंदी बोलणारे. माणूस भला होता. त्याने बकारामला खुर्ची दिली, पाणी दिले. फक्त कारण दिले नाही.

"साहेब, माया खाता काऊन बंद झाला?"

"देखिए बकारामजी, खाते की जानकारी हम सिर्फ खातेदार को दे सकते हैं."

"मीच त होय खातेदार."

"थे."

"मंग होतो तवा काऊन नाई सांगितले?"

"तब तो खाता चालू था. बंद होने का कारण कैसे बताते?"

या उत्तराची शिवण इतकी पक्की होती, की उसवायला कुठून सुरुवात करावी हे बकारामला कळेना. कारागीर म्हणून त्याला तिचे कौतुकच वाटले.

तक्रार करण्याची सोयही बँकेने ठेवली होती. तक्रारीच्या पहिल्याच ओळीत खाते क्रमांक लिहायचा होता. तो लिहिला की, 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' असे उत्तर तत्काळ मिळे. (तत्पर सेवा म्हणतात ती हीच.) मग हिमांशूसाहेबांनी स्वतःहून तोड सुचवली: नवीन खाते उघडा, म्हणजे तुम्ही पुन्हा खातेदार व्हाल आणि जुन्या खात्याची चौकशी करू शकाल. नव्या खात्याच्या अर्जात एक रकाना होता: 'यापूर्वी कोणत्या बँकेने आपले खाते बंद केले आहे काय? असल्यास कारण लिहा.' बकारामने प्रामाणिकपणे 'मालूम नाही' असे लिहिले. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. शिवाय त्या दिवशीचे पाच तारेही आता पुढे आले. मुख्य कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे खाते बंद होण्याबाबत ग्राहक 'अत्यंत समाधानी' होता.

इकडे गावाला बातमी लागली. ती लागण्याचे कारण साधे होते: दुकानाच्या दारावर पैसे घेण्यासाठी चिकटवलेला चौकोनी कोड बकारामने नखाने खरवडून काढला होता आणि तिथे पांढरा डाग उरला होता. डाग पाहून लोक विचारू लागले. बकाराम खरे तेच सांगू लागला, आणि तिथेच तो चुकला. आपले खाते बंद झाले पण कारण माहीत नाही, असे म्हणणारा माणूस कसा दिसतो, ते आरशात पाहून एकदा म्हणून बघावे.

गाव विचारी आहे. त्याने मुद्देसूद विचार केला. पहिला मुद्दा: बँक ही कोणाचा पैसा सुखासुखी सोडणारी नव्हे. दुसरा मुद्दा: बकारामचा पैसा तिने व्याजासकट सोडला. तेव्हा तिला या माणसाबद्दल असे काही कळले असले पाहिजे, की ज्यापुढे पैसाही नकोसा व्हावा. बँकेने दहा-वीस हजार दाबून ठेवले असते तर गाव बकारामच्या बाजूने उभे राहिले असते. पण तिने सारे पैसे परत करून त्याला पुरते बदनाम केले.

एकदा काहीतरी आहे हे ठरल्यावर, ते काय आहे हे ठरवणे बाकी राहिले. त्याबाबत, बकारामची बाजू घेणारे पाच-दहा लोक सोडले तर, गावात चार मते होती. शेकडा चाळीस लोकांच्या मते प्रकरण नकली नोटांचे होते. तीस टक्क्यांना विदेशी पैशाचा वास आला. (दुबईहून सुट्टीवर आलेल्या एका पोराचा शर्ट बकारामने उन्हाळ्यात ढिला करून दिला होता.) वीस टक्के लोक आवाज खाली आणून शाळेच्या स्काऊटसाठी शिवलेल्या हिरव्या पँटींविषयी बोलत आणि नक्षल्यांच्या जंगलाच्या दिशेने मान हलवत. उरलेल्या दहा टक्क्यांचे म्हणणे होते, की आपल्याला कारण माहीत आहे, पण सांगता येत नाही. यांचा मान सर्वांत मोठा होता.

मग लोकांनी आपापल्या पँटी मोजायला काढल्या. जो बँकेला फसवू शकतो, तो कापडात काय करत असेल? सहा-सहा वर्षे वापरलेल्या, नदीच्या दगडावर आपटून धुतलेल्या पँटी अंगणात पसरल्या गेल्या. मोजायला गावात धड टेप एकच होता, तो बकारामचा. लोक त्याच्याकडूनच टेप मागून नेत, त्याच्याच पँटी मोजत आणि टेप परत देताना त्याच्याकडे बघत नसत. पँटी अर्धा-पाऊण इंच कमी भरल्या. आता शंकेला जागाच उरली नाही.

बकारामने हेही सोसले असते. पण दिवाळी सरली आणि मंडई तोंडावर आली. मंडई म्हणजे गावाची जत्रा, आणि मंडईला रात्रभर नाटक हवेच. गावातल्या हौशी मंडळाच्या नाटकात कथा कोणतीही असो, शेवटच्या अंकात कोर्ट असते, आणि कोर्टात जज्ज बकाराम असतो. काळा कोट त्याने स्वतः शिवलेला होता. वर्षभर वाकून बसणारा हा माणूस त्या एका रात्री पाठ ताठ करून बसे, आणि त्याने 'ऑर्डर, ऑर्डर' म्हटले की मंडपातली रडणारी लेकरेसुद्धा गप्प होत. खरे सांगायचे तर बकाराम वर्षभर त्या रात्रीसाठीच जगत असे.

मंडळाचे अध्यक्ष भैयाजी दुकानात येऊन बसले. आधी पिकाचे बोलले, मग पाण्याचे, मग मुद्द्यावर आले.

"बकाराम, वाईट नोको मानू. मले मालूम आहे का तू काई केला नसशीन. पन पब्लिक हासन गा. जज म्हनला का त्याच्यावर बट्टा नाई पायजे."

"मी का केलो भैयाजी?"

"तेच त कोनाले मालूम नाई! मालूम राहला असता त पब्लिकले समजावून सांगितला असता. तू एक काम कर. बँकेतून लिहून आन का बकारामनं काई केला नाई. मंग जज तूच."

आणि उठता उठता म्हणाले, "नाई भेटला कागद, त कोट मात्र देजो. चुन्नीलालले लागन."

चुन्नीलाल म्हणजे ट्रॅक्टरवाला चुन्नीलाल. त्याच्या ट्रॅक्टरवर दोन बँकांची जप्ती येऊन गेली होती आणि तिसऱ्या बँकेच्या माणसांना पाहिले की तो मागच्या दाराने निघून जाई. पण खाते त्याचे एकाही बँकेने बंद केले नव्हते. उलट तिन्ही बँका त्याला रोज फोन करत. गावात एवढी पत दुसऱ्या कोणाला नव्हती.

बकाराम पुन्हा ढाब्याचा जिना चढला. हिमांशूसाहेबांनी त्याची मागणी शांतपणे ऐकून घेतली आणि अडचण समजावून सांगितली. ग्राहकाने जे केले त्याची नोंद बँकेत असते. जे केले नाही त्याची नोंद ठेवण्याची पद्धत नाही. तशी ती ठेवायला घेतली, तर एकट्या बकारामने न केलेल्या गोष्टींनीच सारी कपाटे भरून जातील.

तेव्हा बकारामने हात जोडले.

"मंग केलो म्हनून लिहा साहेब! चोरी केलो म्हना, दारू पेलो म्हना, काई बी म्हना, मी सही करतो. त्याची माफी त मागता येईन. हा बिननावाचा पाप घेऊन गावात कसा फिरू मी?"

खालून ढाब्याच्या फोडणीचा वास येत होता. हिमांशूसाहेबांना खरोखरच वाईट वाटले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि जे कोणत्याही नियमात बसत नव्हते ते केले: संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. कारणाच्या चौकोनात काहीच नव्हते.

"मुझे भी नहीं दिखता, बकारामजी. गोंदिया में पूछा, उनको नहीं दिखता. नागपुर को भी नहीं. सिस्टम ने किया है."

"म्हंजे कारनच नाई?"

"ऐसा कैसे?" साहेब दचकून म्हणाले. "कुछ तो होगा ना. बिना कारण सिस्टम थोड़े ही करेगा." आणि पहिल्यांदाच त्यांनी बकारामकडे जरा निरखून पाहिले.

घरी जेवताना लीलाबाईने ताटात भात वाढला, समोर बसली आणि मऊ आवाजात म्हणाली, "मले खरा सांगा. मी कोनाले नाई सांगत. का केले होते?"

बँकेच्या नकाराने, गावाच्या नजरेने जे झाले नव्हते ते या मायेने झाले. इतके लोक म्हणतात तर आपल्या हातून काहीतरी झालेच असेल, असे बकारामला वाटू लागले. नकली नोट तर नाही. विदेशी पैसाही नाही. शेवटी त्याला मशीनमागचे गाठोडे आठवले. त्यात वर्षानुवर्षांची कातरणे होती: वीतभर टेरिकॉट, चार बोटे खादी, जी प्रत्येक शिंप्याकडे असतात आणि कोणीच कधी मागत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने गाठोडे पाठीवर घेतले आणि घरोघरी जाऊन ज्याचे कातरण त्याला परत केले. लोकांनी ती चिंधी हातात घेतली, दार लावले आणि आतून एकमेकांना सांगितले, "पाहा, कबूल झाला." जे पाच-दहा लोक तोवर त्याच्या बाजूने बोलत होते, तेही आता गावासारखेच बोलू लागले. त्यांना जरा हायसेच वाटले. एकट्याने दुसऱ्या बाजूला राहणे थकवणारे असते.

मंडईला नाटक जोरदार झाले. नाव होते 'सूनबाई, कोर्टात चला'. बकाराम शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा रिकामी राहिली होती, बाकी मंडप खच्चून भरला होता. शेवटच्या अंकात चुन्नीलाल काळ्या कोटात आला. कोट पाठीत दाटत होता, हे फक्त बकारामला दिसले. निरपराध सुनेवर साऱ्या गावाने आळ घेतला होता. चुन्नीलालने टेबलावर हातोडा आपटला आणि गरजला, "ज्या माणसाविरुद्ध एक बी पुरावा नाई, त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या समाजाची मला लाज वाटते!" मंडपात असा टाळ्यांचा कडकडाट झाला की नाटक थांबवावे लागले. बाया पदराने डोळे पुसत होत्या. भैयाजींनी बक्षीस जाहीर केले. नाटक सुटल्यावर लोक भरल्या डोळ्यांनी बाहेर पडले, आणि बकारामजवळून जाताना प्रत्येकाने नकळत आपला खिसा चाचपला.

सुज्ञ वाचकहो, आपण सौंदडचे नाही, शिकलेसवरलेले आहात. तरीही हे सारे आपण इथवर वाचलेत, ते कारण शेवटी कुठेतरी सापडेल या भरवशावरच. कातरणांच्या गाठोड्यापाशी आपली नजर क्षणभर थांबलीही असेल. ते स्वाभाविक आहे. आपले खाते चालू आहे, म्हणून आपण एवढ्या निवांतपणे न्याय करू शकता. ते अजून चालू आहे ना, हे मोबाइल उघडून एकदा बघून घ्यावेसे वाटत असेल, तर जरूर बघा. बंद झालेले आढळले, तर मात्र आपण काही केले नाही हे सांगायला आमच्याकडे येऊ नका. आमचा आपल्यावर पूर्ण विश्वास आहे. पण काहीतरी असेलच ना.