युरोपची रंगीत तालीम

गुरुवारी युरोपला निघायचं होतं, म्हणून आदल्या शनिवारी प्रबोधने घरातल्यांना युरोपची तालीम करायला लावली.

प्रबोध सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लँटमध्ये सेफ्टी ऑफिसर होता. तिथे साधा बल्ब बदलायचा तरी आधी परवानगीचा कागद, मग सुरक्षेची तालीम म्हणजे ड्रिल, मग बल्ब. अकरा वर्षांत प्लँटमध्ये काहीही घडलं नव्हतं आणि या न घडण्याबद्दल त्याला दोनदा ट्रॉफी मिळाली होती. त्याची बायको सुचित्रा नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये होती. तिला युरोप बघायचं होतं. फार नाही, रोममधले पडके खांब, आल्प्समधला एखादा डोंगर आणि दोन्हींच्या मध्ये पोटभर जेवण. गेली पाच वर्षं ‘तयारी पुरेशी नाही’ म्हणत प्रबोध ट्रिप पुढच्या उन्हाळ्यावर ढकलत होता. सिंगापुरात उन्हाळा बाराही महिने असल्याने ढकलायला जागा भरपूर होती.

२००७ साली सुचित्राने तिकिटं काढली आणि मग नवऱ्याला सांगितलं. निदान टूर कंपनीबरोबर जाऊ, ते वरण-भातसुद्धा देतात, असं त्याने सुचवून पाहिलं. वरण-भात आपल्याला इथे टॅम्पिनीसला घरीच मिळतो, असं ती म्हणाली. तेव्हा प्रबोधने एक्सेल शीट उघडली.

शीटप्रमाणे सात पाचला नाश्ता झाला: गार पाव आणि गार चीज. आठ वाजता लेक अदितीसकट तिघं थर्मल, स्वेटर आणि ओव्हरकोट घालून, बॅगा ओढत लिफ्टमध्ये शिरले. बाहेर तेहेतीस डिग्री होतं. शेजारच्या चिनी आजींनी कुठे निघालात म्हणून विचारलं.

“इटली,” प्रबोध म्हणाला.

आजींनी तळमजल्याचं बटण दाबलं.

साडेनऊला फ्लॉरेन्सचं घंटाघर होतं. टॅम्पिनीसमध्ये घंटाघर नसल्यामुळे ते बिल्डिंगच्या जिन्याने बारा मजले चढले. घंटाघर याहून उंच असणार असा संशय आल्याने प्रबोध खाली जाऊन पुन्हा चढला. सुचित्राने पहिल्या चढाईनंतर ओव्हरकोट काढून कठड्यावर टाकला. शीटमध्ये याची तरतूद नाही, असं प्रबोधने सांगितलं. मग तरतूद कर, असं ती म्हणाली आणि घरात जाऊन पंख्याखाली बसली.

चार दहाला पाकीटमार होता. त्याची भूमिका अकरा वर्षांच्या अदितीकडे होती. सगळे पासपोर्ट एका जागी ठेवायचे नाहीत, या नियमानुसार प्रबोधचा पासपोर्ट थर्मलच्या आत पोटाला बांधलेल्या पट्ट्यात होता आणि मायलेकींचे दोन सुचित्राच्या गळ्यातल्या पाउचमध्ये. सुचित्राने खिडकीपाशी उभं राहून ‘हे चर्च किती सुंदर आहे’ असं म्हणायचं होतं. ती “हे चर्च” म्हणेपर्यंत पाउच गेला होता.

प्रबोधने अदितीची पाठ थोपटली आणि पाउच मागितला.

“टाकला,” अदिती म्हणाली.

“कुठे?”

“कचऱ्यात. तुमच्याच शीटमध्ये आहे, पप्पा. थीफ कीप द कॅश, थ्रो द पासपोर्ट लाह,” ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

कॅश म्हणजे वीस युरो तिच्या खिशात होते. ड्रिल संपेपर्यंत ते परत मिळणार नव्हते. पाउच मात्र स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या झडपेतून बारा मजले खाली गेला होता.

प्रबोध ओव्हरकोटासकट खाली धावला. साफसफाईवाल्या काकांनी तळाचं दार उघडून दिलं आणि ते आदराने बाजूला झाले. प्रबोधने कोलंब्यांची सालं, मग कुणाचे तरी नूडल्स, मग फणसासारखा एक आख्खा कुजका ड्युरियन उपसला. सुचित्रा शेजारी उभी राहून बघत होती. तिसरी पिशवी फोडून झाल्यावर ती म्हणाली, “झेरॉक्स आहेत त्या.”

“काय?”

“खरे पासपोर्ट कपाटात आहेत. तालमीला खरा पासपोर्ट कोण घेतं?”

“मग आधी का नाही बोललीस?”

“शीटमध्ये शंका विचारायची वेळ पाच चाळीसची होती.”

प्रबोधचा चेहरा उजळला. मग त्याने पोटावर हात ठेवला, तिथला पासपोर्ट खरा होता, आणि चेहरा पुन्हा उतरला. थर्मलखालचा पट्टा ओला गच्च होता. चोवीस मजल्यांचा घाम त्यात जिरला होता. पासपोर्ट बाहेर काढला तेव्हा तो फुगून पुरीसारखा झाला होता. फोटोवरचं प्लास्टिक सुटलं होतं आणि व्हिसाचा कागद शेजारच्या पानाला जाऊन चिकटला होता.

सोमवारी चौकशी केल्यावर कळलं, नवा पासपोर्ट मिळायला तीन आठवडे लागतील, मग व्हिसा पहिल्यापासून.

“पुढच्या वर्षी जाऊ,” प्रबोध म्हणाला. “तिघं मिळून. आणखी नीट तयारी करून.”

सुचित्रा बॅगेची चेन लावत होती. ती हात न थांबवता म्हणाली, “आम्ही दोघी गुरुवारी जातोय.”

त्याने विनवलं, आकडेवारी दाखवली, युरोपातल्या रेल्वे संपांची कात्रणं टेबलावर मांडली. तिने कात्रणांवर चहाचा कप ठेवला. गुरुवारी विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या रांगेपर्यंत तो बोलतच होता. गाडी चुकली तर? हॉटेल सापडलं नाही तर? जेवण बाधलं तर?

“अगं, पण तिकडे काही झालं तर?”

“व्हायलाच पाहिजे,” सुचित्रा म्हणाली. “पाच वर्षं इथे काही झालं नाही, म्हणूनच चाललेय.”

ती वळूनही न बघता पुढे गेली. अदिती मात्र धावत मागे आली. प्रबोधचे डोळे भरून आले.

तिला त्याच्या गळ्यातला कॅमेरा हवा होता.