बदकाला सस्पेंड करा

दुपारचे साडेचार वाजले की माझ्या डोक्यावरच्या छतातून आवाज यायचा, "बदकाला सस्पेंड करा! आत्ताच्या आत्ता करा!" मग पाय आपटल्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि पुन्हा त्या बदकाच्या सात पिढ्यांचा उद्धार. मी खाली हेडफोन लावून परदेशातल्या साहेबाला सांगत असायचे की काम वेळेत होईल. साहेब विचारायचा, तुमच्याकडे काही भांडण चाललंय का? आता त्याला काय कप्पाळ सांगणार, की वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड गार्ड कार्टूनमधल्या बदकाशी भांडतोय?

हे तायडेकाका. मूळचे मलकापूरकडचे. सगळी नोकरी मालगाडीवर गार्ड म्हणून गेली. शेवटची बदली जयपूरला झाली आणि रिटायर झाल्यावर प्रताप नगरात फ्लॅट घेऊन ते इथंच राहिले. आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं दोनच, वर त्यांचं आणि खाली माझं. काकू आजारी असतात एवढंच ऐकून होते, त्या कधी बाहेर दिसायच्या नाहीत. बाकी लोक काकांना 'गार्डसाहब' म्हणायचे आणि लांबूनच नमस्कार करायचे. परमुलखात आपलं माणूस भेटलं की बरं वाटतं म्हणतात. मला काही वाटलं नाही. माझं डोकं तेवढं उठलं.

या माणसाची नोकरी संपली होती, ड्यूटी संपली नव्हती. लिफ्टमध्ये शिरले की आधी वाकून दोन्हीकडे बघणार, गाडी सोडल्यासारखं "ऑल राइट" म्हणणार, आणि आतल्या प्रत्येकानं उलट "ऑल राइट" म्हटल्याशिवाय बटण दाबू देणार नाहीत. तिसऱ्या मजल्यावरची शर्माआंटी गुडघे धरून जिना चढायची, पण ऑल राइट म्हणायची नाही. कोणी गाडी मागे घ्यायला लागलं की हे पाठीमागे उभे. यांचा हात खाली येण्याआधी चाक हललं तर चार्जशीट देण्याची धमकी. रिटायर्ड माणूस कसली देतोय चार्जशीट? पण लोक बिचारे थांबायचे.

आणि ते बदक. कोरियात बनलेली, लहान मुलांची एक विनोदी कार्टून मालिका रोज हिंदीत लागते. डोंगरातलं चिमुकलं स्टेशन, स्टेशनमास्तर रानडुक्कर आणि इंजिनावर एक लठ्ठ बदक. बदक एका पंखानं नूडल्स खातं, दुसऱ्यानं इंजिन चालवतं, सिग्नलकडे ढुंकून बघत नाही. गाडी रोज जाऊन कोबीच्या लोणच्याच्या रांजणांवर आदळते. मग सगळे प्राणी कमरेत वाकून एकमेकांची माफी मागतात आणि बर्फात बसून नूडल्स खातात. झाला भाग. चार-पाच वर्षांची पोरं हसून लोळतात, आणि हे सद्गृहस्थ घसा फाडतात.

पहिल्यांदा आवाजाची तक्रार घेऊन वर गेले, तेव्हा त्यांनी दार फटीएवढं उघडलं आणि मलाच अपघाताचा साक्षीदार करून टाकलं. अपघात झाला की आधी चौकशी बसते, मग जबाब होतात, मग शिक्षा होते. नुसतं वाकून कसं चालेल? ड्यूटीवर नूडल्स कोणाच्या परवानगीनं? मला मध्ये बोलायला जागाच नव्हती. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "अन् मुख्य म्हणजे मॅडम, गाडीले गार्डच नाई. शेवटचा डबा तसाच उघडा. हे पाह्यलं का तुम्ही?" आणि दार लावून घेतलं.

मी सेक्रेटरी माथुरजींकडे गेले. ते म्हणाले, बुजुर्ग आदमी हैं, आप भी मराठी हैं, आप ही समझा दीजिए. म्हणजे मी मराठी आहे, हा माझाच गुन्हा! मग समजवायला पुन्हा वर गेले. मी सांगलीची आहे, मला हळू समजावता येत नाही. कार्टून आहे ते, बदक खरं नसतं, माझी नोकरी मात्र खरी आहे आणि ती तुमच्या पायी जाणार आहे, असं मी दारात उभं राहून जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सुनावलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी साडेचारला बदकाचं पेन्शनही बंद झालं.

मग एके दिवशी वरून आवाजच आला नाही. सुटले, म्हटलं. दुसऱ्या दिवशीही शांतता. काम बिनबोभाट पार पडलं, साहेब खूश झाला, आणि मला उगाचच चुकल्यासारखं व्हायला लागलं. त्याचाही रागच आला. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला बेल वाजली. दारात काका. उन्हाळ्यात गळ्याभोवती मफलर.

घशात गाठ आली होती. डॉक्टरांनी पंधरा दिवस तोंड उघडायचं नाही असं बजावलं होतं, हे त्यांनी तोंड उघडून, पण कुजबुजत सांगितलं. मी म्हटलं, रोज एवढं बोंबलल्यावर दुसरं काय होणार? मला अजिबात दया आली नव्हती. ते जिन्याकडे बोट दाखवत म्हणाले, "तुम्ही येता का वर? बदकाले बोलायला."

म्हातारा ठार वेडा झाला, असं मी मनात म्हटलं. ते कुजबुजतच होते. सगळ्या बिल्डिंगमध्ये माझ्याइतकं कडक कोणी बोलत नाही. काल शर्माआंटीला बोलावून पाहिलं, पण त्यांचा आवाज खालीही पोचला नाही, आणि हिंदीतलं ओरडणं तिला चालत नाही.

"कोणाला चालत नाही?" मी विचारलं. ते जिना चढायला लागले, आणि मी तणतणत मागे गेले.

टीव्हीसमोर खुर्चीत काकू बसल्या होत्या. स्वच्छ साडी, मांडीवर घडी केलेला रुमाल. केस कुणीतरी चापूनचोपून विंचरलेले, पण भांग पार वाकडा गेलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

काकांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून काकूंचं बोलणं गेलं होतं. त्यानंतर त्या हसल्या नाहीत, रडल्या नाहीत, काहीच नाही. मग एका दुपारी टीव्हीवर चुकून ते बदक लागलं. बदकानं लाल सिग्नल ओलांडला, काका भडकून ओरडले, आणि खुर्चीतून हसण्याचा आवाज आला.

"त्या दिवशी राग खरा होता," ते म्हणाले. "मंग रोज आणावा लागला. आता आवाज नाई, तर ती हसत नाई. काल घासही घेतला नाई तिनं."

तेवढ्यात साडेचार झाले आणि बदक इंजिनावर चढलं. मी पदर नसताना खोचल्यासारखं केलं आणि सुरू झाले. नालायक म्हटलं, कामचुकार म्हटलं, सांगलीच्या मंडईतली सगळी ठेवणीतली भाषा त्या बदकावर ओतली. काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. काका हातानं खुणावत होते, अजून जोरात. मी अजून जोरात ओरडले. गाडी रांजणांवर आदळली, प्राणी वाकले, आणि काकूंनी डोळे मिटून घेतले.

मग मात्र माझा तोल गेला. मी टीव्हीकडे पाठ केली आणि काकांवर घसरले.

"मी दारात येऊन भांडत होते, तेव्हा हे सांगायला काय झालं होतं तुम्हाला? मला बदकाच्या गोष्टी सांगत बसलात! खाली मराठी माणूस राहतं, एक हाक मारली असती तर जीव जाणार होता? सगळं एकट्यानं करायचं, मोठे आलेत! यांचा भांग बघा, निघालाय कुठं अन् पोचलाय कुठं! स्वतःचा घसा घालवून बसलात, उद्या तुम्हीच आडवे झालात तर यांच्याकडे कोण बघणार?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. बोट वर केलं, पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा काही नाही. बोट तसंच वर राहिलं.

आणि मागून आवाज आला. आधी खोकल्यासारखा, मग खुदुखुदू. काकू हसत होत्या. तोंडाची एकच बाजू हलत होती, पण खांदे गदगदत होते, आणि डोळे काकांवर खिळलेले. जन्मभर ज्यानं घरात कोणाला बोलू दिलं नसेल, तो माणूस कधी नव्हे तो गप्प उभा होता, आणि त्यांना ते फार आवडलं होतं.

मी थांबले. काका भिंतीला टेकले होते, मफलरनं डोळे पुसत. थोड्या वेळानं हसू कमी व्हायला लागलं, तसे ते घाईनं पुढे झाले आणि माझा हात धरला.

"थांबू नको, पोरी," ते कसेबसे कुजबुजले. "बोल मला. अजून बोल."

माझा राग केव्हाच उतरला होता. समोरचं नीट दिसतही नव्हतं. टेबलावर त्यांनी माझ्यासाठी आधीच करून ठेवलेला चहा गार होऊन पडला होता. मी नाक पुसलं, कमरेवर हात ठेवले आणि त्या चहापासून सुरुवात केली.