राऊतबाईंची उलट बाजू

राऊतबाई आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आल्या तेव्हा त्यांनी टेबलावरचा भरतकामाचा रुमाल उचलून उलटा केला. त्यावरची बिस्किटांची बशी बायकोनं वरच्या वर झेलली म्हणून वाचली. बाईंनी रुमालाची मागची बाजू खिडकीकडे धरली, चष्म्यातून निरखली आणि म्हणाल्या, "गाठी आहेत."

"अहो बाई, मागून कोण बघतंय?" बायको म्हणाली.

"मी," असं म्हणून त्यांनी रुमाल पुन्हा नीट अंथरला आणि शांतपणे चहा प्यायला. तो रुमाल माझ्या सासूबाईंनी भरलेला होता. त्यामुळे पुढे बरेच दिवस आमच्या घरात राऊतबाईंचं नाव काढायची सोय नव्हती.

बाई वसईतल्याच, केळी आणि पानवेलींच्या वाडीवाल्या घरातल्या. लग्न केलं नाही. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या आणि शाळेत मुलींना शिवण शिकवायच्या. मॅटीच्या कापडावर चौकट मोजून क्रॉस स्टिचचा पोपट काढणं हा त्यांचा हातखंडा. पण मार्क द्यायच्या ते कापड उलटं करून. मागे दोरे लोंबत असले, गाठी असल्या, तर पुढचा पोपट कितीही देखणा असो, "उसव आणि पुन्हा कर." कुणी रडकुंडीला आलं तर म्हणायच्या, "सुलट बाजू जगासाठी असते बाळा. उलट बाजू शिकणाऱ्यासाठी."

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा शाळेत कॉम्प्युटर आले आणि शिवणाचा तास बंद करून ती खोली कॉम्प्युटरला द्यायचं ठरलं. मुख्याध्यापक खोकी आणि हमाल घेऊन दारात आले. बाईंनी फळ्याकडची मान वळवली आणि एवढंच म्हणाल्या, "माझा वर्ग चालू आहे." खोकी व्हरांड्यात राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी कॉम्प्युटर आत आले, पण बाई काही बाहेर गेल्या नाहीत. मुख्याध्यापकांनी तोडगा म्हणून त्यांना कॉम्प्युटरची कव्हरं शिवायला सांगितली आणि खोलीची किल्ली त्यांच्याकडे दिली. मुली मात्र गेल्या. त्या आता कॉम्प्युटरच्या सरांकडे तोंड करून बसायच्या, आणि बाई कोपऱ्यात कव्हरांना झालर लावत बसायच्या. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. मला विचाराल तर तो अपमान होता, आणि तो तसाच सांगायला हवा.

पुढे फोनच्या वायरीतून किंचाळत इंटरनेट आलं. धूळ पुसताना बाईंच्या हातून माऊसचं उजवं बटण दाबलं गेलं, उघडलेल्या यादीतली एक ओळ निवडली गेली, आणि समोरच्या रंगीत पानाच्या जागी नुसत्या खुणा आणि अक्षरं उभी राहिली. ते पान ज्यापासून बनलं होतं, तो सगळा मजकूर.

"अगबाई," त्या म्हणाल्या, "याला मागची बाजू आहे!"

त्या दिवसापासून बाई पानं उलटी करत सुटल्या. कुठल्या परदेशी फुलवाल्याचं पान असो की विद्यापीठाचं, आधी मागून बघायचं, मग पुढून. कुठला टाका कुठे घातला की पुढे काय उमटतं, हे असंच कळत गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी आलेल्या पैशातून स्वतःचा कॉम्प्युटर घेतला. "मला कोणी शिकवलं?" त्या विचारायच्या आणि उत्तरही द्यायच्या, "ज्यांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत अशांनी. त्यांनी पाठ झाकली नाही, म्हणून."

मी सातिवलीच्या एका कंगव्याच्या कारखान्यात हिशेब बघायचो. शेठना वेबसाइट हवी होती, आणि स्वस्तात हवी होती. मी बाईंचं नाव सुचवलं. बाईंनी पानभर बारीक रकान्यांची जाळी मांडली, एकेका घरात रंग भरला आणि चोचीत कंगवा धरलेला हिरवा पोपट उभा केला. चोच एक घर जास्त लांब झाली होती. ती दुरुस्त करायची राहूनच गेली. पण मागची बाजू अशी स्वच्छ, की आमच्या जमाखर्चाला लाज वाटावी.

सगळी दुनिया तेव्हा पानांवर ओळी सरकवत होती आणि अक्षरं लुकलुकवत होती. बाई त्याला "वळवळ" म्हणायच्या. मग रंगरूपाचा मजकूर वेगळ्या फाइलीत लिहायची रीत आली. बाई आता कुरकुरणार असं मला वाटलं होतं, तर त्यांनी अख्खं पान उसवून नव्यानं घातलं. "कापड वेगळं, दोरा वेगळा. हे तर मी केव्हापासून सांगतेय!" असं वर मलाच सुनावलं.

खटका उडाला तो फ्लॅश, म्हणजे पानावर चित्रं नाचवायची सोय, आल्यावर. शेठनी अंधेरीहून एका चटपटीत तरुणाला बोलावलं. त्याच्या लॅपटॉपवर कंगवे आकाशातून उडत आले, ढगांचा भांग पाडला, मागे संगीत वाजलं. शेठ हरखले. कोपऱ्यात एक बटण होतं, 'स्किप इंट्रो'.

"हे कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"ज्यांना हे सगळं बघायचं नसेल ना, ते डायरेक्ट आत जातील."

"म्हणजे टाळायचं बटण तुम्हीच दिलंय. मग बनवलंत कशाला?" तरुण हसला. बाई हसल्या नाहीत. "बरं, आता उलटं करून दाखवा."

त्यानं उजवं बटण दाबलं. छोटं करा, मोठं करा, थांबवा, चालवा. मागची बाजू दाखवणारी ओळ काही नव्हती.

"हे शिवून बंद केलेलं पाकीट आहे. यातून कोण काय शिकणार?"

"अरे बाई," शेठ म्हणाले, "कस्टमर पुढून बघतो ना. मागून बघून त्याला काय करायचंय?"

बाईंनी टेबलावरचा कंगवा उचलला, पुढून दाखवला, उलटा करून दाखवला. "आहे काही फरक? म्हणून तुमचा माल चांगला आहे शेठ. पान पण तसंच हवं. नको असेल तर राहिलं. माझा पोपट मी घेऊन जाते." आणि उठल्या. पाठीमागे ढगांचा भांग पुन्हा पडायला लागला. मी खाली मान घालून बसलो होतो, पण खरं सांगतो, आतून मला टाळी वाजवावीशी वाटत होती.

बाईंनी इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या जागेवर स्वतःचं पान काढलं. कंगवा काढून टाकला, पोपट ठेवला, भोवती कशिद्याचे नमुने मांडले. इमारतीत चेष्टा झाली. मीही एकदा म्हटलं, "बाई, बघतं का कोणी?" तर म्हणाल्या, "पुढून नसेल बघत. मागून बघतील." वीज गेली की दारात उभ्या राहायच्या आणि आली की पुन्हा आत. पानाच्या मागच्या बाजूचा एकेक टाका सारखा करत बसायच्या. कोणासाठी, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

अशीच काही वर्षं गेली. एका रविवारी बायकोला पापड मागवायचे होते, म्हणून मी शोधत होतो. दूर कुठल्याशा तालुक्यातल्या बायकांच्या गटाचं पान उघडलं, आणि बघतो तर पोपट! तोच हिरवा, तीच एक घर लांब चोच. फक्त चोचीत कंगव्याऐवजी पापड.

मी तडक तळमजल्यावर गेलो आणि बाईंच्या कॉम्प्युटरवर ते पान उघडून दिलं. "बघा, बाई!"

बाईंनी पुढून बघितलंच नाही. उजवं बटण दाबलं, चष्मा सारखा केला आणि वाचत खाली खाली गेल्या. "गाठ मारलीय बघा मेलीनं," त्या पुटपुटल्या. "इथेही." मग बोट पडद्यावर थांबलं. "पण शेपूट माझं नाही. माझ्या पोपटाला एवढं लांब शेपूट कुठे होतं? हे तिनं स्वतः घातलंय." आणखी खाली गेल्या. "आणि बघा, इथून पुढे एक गाठ नाही. हात बसला तिचा."

"बाई, ही सरळ सरळ चोरी आहे!" माझा आवाज चढला. "मी आत्ता कळवतो त्यांना, पोपट काढायला लावतो!"

बाईंनी मान वळवली. शाळेत मुख्याध्यापकांकडे वळवली असेल तशीच, ताठ. फक्त चष्म्याच्या काचा ओल्या होत्या.

"हळू बोला, सावंत," त्या म्हणाल्या. "माझा वर्ग चालू आहे."

मी आवाज न करता मागची खुर्ची ओढली आणि बसलो.