निळं फुलपाखरू आणि वाळकं पान

फुलपाखरांच्या बाबतीत माझा हात धरणारा आमच्या संग्रहालयात कोणी नाही, हे मी घरी इतक्यांदा सांगितलंय की बायको आता मान डोलवायचेही कष्ट घेत नाही. पण परवा ते सिद्ध करायची संधीच चालून आली! दोन खंडांतल्या दोन फुलपाखरांची तुलना मांडायची. तपासायला येणाऱ्या तज्ज्ञ बाईंना ती पटली, की फुलपाखरांचं अख्खं दालन माझ्या ताब्यात!

एक फुलपाखरू दक्षिण अमेरिकेतलं, निळंशार. पंख उघडले की डोळे दिपावेत! दुसरं आशियातलं. आतून तेही निळं, त्यावर नारिंगी पट्टा. पण पंख मिटले की थेट वाळकं पान, अगदी देठासकट. पहिलं मी पेटीत उघड्या पंखांनी टाचलं, दुसरं मिटलेल्या. एक मिरवणारं, एक लपणारं! मी स्वतःवरच इतका खूश झालो, की कौतुक बघायला सासरेबुवांना बोलावून घेतलं.

सासरेबुवांना कचरा म्हणून सहन होत नाही. मी पेटीची काच आणायला गेलो, तेवढ्यात त्यांनी टेबल लख्ख करून टाकलं.

"जावईबापू, एवढ्या सुंदर फुलपाखराशेजारी कोणीतरी वाळकं पान टाचलं होतं," ते म्हणाले. "दिलं खिडकीतून टाकून."

खिडकीखाली झाड, आणि झाडाखाली पानांचा हा ढीग! आम्ही दोघं रांगत एकेक पान उलटू लागलो. सासरेबुवा दर मिनिटाला 'सापडलं' म्हणून नवं पान माझ्या नाकासमोर धरत होते. इतक्यात बाई फाटकातून आत येताना दिसल्या. मी त्यातलंच एक बरं पान उचललं, धावत वर गेलो आणि टाचलं!

बाईंनी भिंग लावलं. सासरेबुवा माझ्या पाठीमागे उभे राहिले.

"कमाल आहे," बाई पुटपुटल्या. "देठ, शिरा, किडीने खाल्ल्यासारखं भोकसुद्धा. इतका अस्सल नमुना मी पाहिलेला नाही."

दालन मला मिळालं! मी अक्षरशः हवेत होतो. बाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. तुलना अर्धीच झालीय, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"उद्या लोक यायच्या आत ह्याचेही पंख उघडून ठेवा. आतला निळा रंग दिसू दे."

सध्या आम्ही दोघं पुन्हा ढिगाशी बसलो आहोत. पानाला एका बाजूने निळा रंग दिला तर चालेल का, असं सासरेबुवांनी आत्ताच हळूच विचारलं. मी अजून नाही म्हटलेलं नाही.