पितांबरनानांचं पावणेचार इंच

बायको, लताबाई, गेल्या हे कळलं तेव्हा पितांबरनाना असोद्याच्या घरी स्टुलावर चढून कूलरला गवताची नवी ताटी बसवत होते. जळगावच्या दवाखान्यातून फोन आला. नानांनी ऐकलं आणि म्हणाले, "बरं. एवढी ताटी बसवतो आणि निघतो."

ताटी बसवली. उलटी बसवली! तेव्हापासून तो कूलर हवेबरोबर शिंतोडेही फेकायचा. पण नानांनी ताटीला कुणाला हात लावू दिला नाही.

वर्ष सरलं, वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं. नानांच्या फोनमध्ये लताबाईंचे अठरा व्हिडिओ होते. ते जोडून एक छान सिनेमा करायचा आणि जेवणानंतर बठ्ठ्या, म्हणजे झाडून सगळ्या, पाहुण्यांना दाखवायचा, असं नानांनी ठरवलं होतं. कॉम्प्युटर होता, पण मे महिन्यात तो अर्धं काम करून तापायचा आणि बंद पडायचा.

"त्यात काय एवढं!" नाना म्हणाले. "चाळीस वर्षं पंपाच्या मोटरींचं वायंडिंग करतोय. तापलेली वस्तू थंड कशी करायची, हे मला कुणी शिकवायचं नाही!"

तरी त्यांनी धुळ्याला भाच्याला फोन लावलाच. किरणचं कॉम्प्युटरचं दुकान आहे.

"मामा, ओव्हरक्लॉक करू," किरण म्हणाला. "म्हणजे प्रोसेसरला कंपनीनं ठरवलंय त्यापेक्षा जोरात पळवायचं. काम लवकर होईल, पण तो अजून तापेल."

"म्हणजे बैलाची शेपटी पिरगाळायची!"

"तसंच. म्हणून त्याच्यावर चांगला कूलर पाहिजे. तीन प्रकार आहेत. एक बुटका पंखा, एक उंच मनोरा, आणि एक पाण्याच्या नळ्यांचा."

"पाणी? विजेच्या वस्तूत पाणी? मी काय वेडा आहे? मनोरा पाठव!"

"पण तुमच्या कॉम्प्युटरचा डबा लहान आहे, मामा. मोठा घ्या म्हटलं होतं."

डबा लहान होता, कारण जागा लहान होती. कपाट आणि लताबाईंचं शिवणाचं मशीन यांच्यामध्ये नऊ इंच. मशीन हातभर सरकवलं असतं तर कॉम्प्युटरच काय, म्हैस बसली असती! पण मशीनवर सुईखाली शेजारच्या कामिनीचा हिरवा ब्लाउज होता, आणि नाना मशीनला कुणाला हात लावू देत नव्हते. कामिनी वर्षभर दर आठवड्याला डोकावायची.

"नाना, माझा ब्लाउज..."

"होईल, होईल!"

कोण करणार, ते नाना सांगत नव्हते. तिनंही कधी विचारलं नाही.

"प्रोसेसरपासून झाकणापर्यंत किती जागा आहे ते मोजून सांगा," किरण म्हणाला. "एक सूतही चुकू नका!"

नानांनी मशीनच्या खणातून लताबाईंची टेप काढली. डबा उघडला, मोजलं. पावणेतीन इंच. पुन्हा मोजलं. पावणेतीन.

आता लताबाईंचा एक नियम होता. माप घेतलं की वर एक इंच माया ठेवायची. शिवणीत दाबून ठेवलेलं ते जास्तीचं कापड. बाई जाड झाली की उसवायचं आणि सैल करायचं. तीस वर्षं नाना समोर बसून मापं लिहून घ्यायचे, आणि लताबाई विचारायच्या, "अहो, माया धरली का?"

नानांनी धरली.

"पावणेचार!" त्यांनी फोनवर सांगितलं.

"एवढ्याशा डब्यात पावणेचार? मामा, पक्कं ना?"

"तुझ्या मामीच्या टेपनं मोजलंय!"

किरणनं आकडा लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो साडेतीन इंची मनोरा घेऊन आला. बरोबर त्याची आई, म्हणजे नानांची बहीण बेबाबाई. किरणनं मनोरा बसवला, झाकण ठेवलं. झाकण बसेना! दिवाळी खाऊन आलेल्या जावयाच्या पोटावर जुना कोट ठेवावा, तसं ते वर तरंगायला लागलं.

किरणनं टेप लावली. "मामा, इथं तर पावणेतीनच आहे!"

"मग? पावणेतीन आणि एक इंच माया."

किरण खाली बसला. "मामा, पत्रा उसवता येतो का हो?"

बेबाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. नाना भडकले. "दात काय काढतेस? चुकली नाही ती कधी मापात!"

"मामी नाही चुकली, मामा."

नानांनी तरंगतं झाकण उचलून बाजूला ठेवलं.

"झाकण नकोच. उघडं ठेव. समोर आपला मोठा कूलर लावतो!"

किरण नको म्हणत राहिला. नानांनी कूलर ओढून आणला, डब्यापासून सात हात लांब ठेवला आणि कमी वेगावर लावला. आणि काय सांगावं, जमलं! किरणनं प्रोसेसरला पळवलं आणि एका दुपारीत सिनेमा तयार झाला. नाना गल्लीभर सांगत सुटले, "बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आणि आपला प्रोसेसर महाबळेश्वरला!"

वर्षश्राद्धाचं जेवण झालं. चाळीस पाहुणे घामाघूम होऊन टीव्हीसमोर बसले. नानांनी कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. लताबाई पडद्यावर आल्या, मशीनवर बसलेल्या.

पाहुण्यांच्या घामाची फक्त बेबाबाईला काळजी! तिनं कूलरच्या टाकीत दोन बादल्या पाणी ओतलं, कूलर पुढे ढकलला आणि वेग फुल केला. उलटी ताटी! शिंतोड्यांचा फवारा सरळ उघड्या डब्यात!

फट्!

पडदा काळा. जळक्या वायंडिंगचा वास. तो वास नानांना चाळीस वर्षं ओळखीचा होता.

"काय व्हयनं रे भाऊ?" बेबाबाई बादली घेऊन उभी.

"काही नाही," किरण म्हणाला. "मामांना पाण्याचा कूलर नको होता. तू लावलास."

कुणीतरी हसलं. नाना हसले नाहीत. ते डब्याजवळ बसून पंच्यानं मनोरा पुसत होते, तान्ह्या पोराचं डोकं पुसावं तसे.

"मामा," किरण हळूच म्हणाला, "मूळ व्हिडिओ फोनात आहेत ना?"

"आहेत."

"मग फोनवरच दाखवू की."

नानांनी त्याच्याकडे पाहिलं. "हे चार दिवसांपूर्वी का नाही बोललास?"

"तुम्ही बोलू दिलंत का?"

फोन उशीला टेकवून ठेवला. चाळीस माणसं कोंबड्यांसारखी माना लांब करून बसली. शेवटचा व्हिडिओ दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीचा. लताबाई मशीनवरून मान वर करतात आणि म्हणतात, "अहो, ठेवा तो फोन! कामिनीला ब्लाउज द्यायचाय उद्या. एक बाही तेवढी राहिली."

सगळ्यांनी कामिनीकडे पाहिलं. ती दाराजवळ बसली होती. वर्षभरात पहिल्यांदाच ती ब्लाउजबद्दल काही बोलली नाही. उठली, आत गेली आणि नानांसाठी चहा ठेवला.

संध्याकाळी नाना स्टुलावर चढले आणि कूलरची ताटी सुलटी केली. किरण कॉम्प्युटर धुळ्याला घेऊन गेला. जाताना म्हणाला, "दुरुस्त झाला तर आणतो, मामा. तोवर मशीन थोडं सरकवून ठेवा."

मशीन अजून तिथंच आहे. हिरव्या ब्लाउजची डावी बाही लावायची राहिली आहे.