एकटं असल्याचा पुरावा

कमळाकरला कुणी "काही करू नका" म्हटलं की त्याचे हात शिवशिवायला लागत. संसार याच सवयीपायी मोडला असं त्याची बायको म्हणायची. (अजूनही म्हणते, पण आता अंबरनाथला, शिवमंदिराजवळच्या आपल्या घरात. कात्रपला त्याच्या घरापर्यंत ऐकू येत नाही. आलं असतं तर खरं म्हणजे त्याला बरंच वाटलं असतं.)

घटस्फोटानंतर मुलगी जिज्ञासा आईकडे राहिली. यंदा तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि उल्हासनगरच्या एका ट्रस्टने फीला हातभार लावायचं कबूल केलं. आईबाप वेगळे असतील तर मूल ज्याच्याकडे राहतं त्याचंच उत्पन्न धरायचं, असा त्यांचा नियम. पण फीपुरती कागदावर विभक्त होणारी जोडपीही निघाली होती, म्हणून ट्रस्टचा माणूस बापाच्या घरी येऊन खात्री करणार होता. दोघांचा पगार एकत्र धरला गेला तर मदत गेली, आणि मदतीबरोबर कॉलेजही.

जिज्ञासाने फोन केला. (सणवार नसताना आलेला तिचा हा पहिलाच फोन.) "पप्पा, एक काका येतील. तुम्ही एकटे राहता एवढं त्यांना दिसलं की झालं. तुम्ही काही करू नका."

फोन ठेवून कमळाकरने घराकडे नजर टाकली. खुर्चीवर कपड्यांचा ढीग, टीव्हीसमोर कालची ताटली. एकटेपणाची त्याला सवय झाली होती, लाज मात्र गेली नव्हती. लेकीच्या कामासाठी घरी माणूस येणार आणि त्याने हे बघायचं? त्याने शेजारच्या मोतीबाईंना हाक मारली.

मोतीबाई कामाला लागल्या की त्यांना आवरणं कठीण. त्यांच्या घरचे पडदे आले, चादरी आल्या, दारात रांगोळी उमटली. पाहुण्याला नुसता चहा कसा द्यायचा, म्हणून चपला दारात काढून त्या पोहे करायला आत गेल्या.

ट्रस्टचे मोटवानी काका आले. त्यांनी रांगोळी पाहिली, बायकी चपला पाहिल्या. आत बांगड्या वाजल्या. कमळाकरने ओलं खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची फोड घातलेली बशी ऐटीत पुढे केली. काकांनी एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि फाइल बंद केली.

"ये पोहा अकेले आदमी का नहीं है. वहिनींना बाहेर बोलवा."

मोतीबाई बाहेर आल्या आणि आपण शेजारच्या असल्याचं त्यांनी स्वच्छ सांगितलं. काकांनी मान हलवली. "साईं, मागच्या घरी पण बायकोच शेजारीण झाली होती."

आपल्या हौसेपायी लेकीचं वर्ष बुडणार हे कमळाकरला समोर दिसत होतं. पडदेसुद्धा यांचेच आहेत, असं तो शपथेवर सांगू लागला. शेवटी काका म्हणाले की मग तुम्हीच करून दाखवा पोहे.

कमळाकरने तेलात मोहरी टाकली, ती काळी होईपर्यंत हळद शोधली आणि पुड्यातले पोहे तसेच कढईत ओतले. ते भिजवायचे असतात हे त्याला माहीतच नव्हतं. (घरात इतकी वर्षं पोहे मऊच निघत, त्यामुळे ते जन्मतःच मऊ असतात असा त्याचा समज.) मोतीबाईंनी तोंडाला पदर लावला. काकांनी एक घास बराच वेळ चावला आणि पाण्यासाठी फ्रिज उघडला. आत अर्धा कांदा होता आणि चिमटा लावलेली दुधाची अर्धी पिशवी.

काकांचा आवाज उतरला. "कोणी येतं-जातं का इथे?"

"आज तुम्ही आलात," कमळाकर म्हणाला. काकांनी ओट्यावरच फाइल उघडून सही केली.

पंधरवड्याने मदत मंजूर झाली. जिज्ञासाचा फोन आला. काकांनी पोह्यांची हकिगत ट्रस्टमध्ये सगळ्यांना रंगवून सांगितली होती, पत्र घ्यायला गेलेल्या तिच्या आईलाही. आई पोट धरून हसली, म्हणाली, साक्षीला मलाच बोलवायचं होतं. कमळाकरला तेही गोड वाटलं. त्याच्यामुळे ती हसल्याला बरीच वर्षं झाली होती. त्याने धीर केला.

"रविवारी येशील का इकडे? मी नाश्ता करतो."



"येईन ना, पप्पा," ती म्हणाली. "खाऊन येईन."